शिक्षकांचे व्यावसायिक वाचन

शालेय शिक्षकाने अध्यापनकार्याची जाण व कौशल्य वाढविण्यासाठी केलेले वाचन आणि त्या वाचनाला लागणारी साधनसामग्री. पाठ्यपुस्तकातील मजकूर समजून घेण्यासाठी केलेले वाचन, पदवी वा बढतीसाठी केलेला अभ्यास आणि केवळ आनंदासाठी केलेले वाचन यांहून ते वेगळे मानले जात असले, तरी या सीमा काटेकोर नाहीत. शब्दकोशातील एखाद्या शब्दाची व्युत्पत्ती किंवा खेड्यातील बालपणाचे चित्र रंगविणारी कादंबरी अध्यापनशास्त्रावरील ग्रंथापेक्षा वर्गात अधिक उपयोगी पडल्याचे अनुभव शिक्षकांना नेहमीच येतात. वकील वा वैद्य यांच्या व्यवसायात नवा निवाडा किंवा नवे औषध ठाऊक नसेल, तर त्याचा दोष लवकर उघडकीस येतो. शिक्षकाचे वाचन थांबले, तर ते बाहेर कोणाच्या लक्षात येत नाही. त्याचा परिणाम वर्गात बसलेल्या मुलांपुरता मर्यादित राहतो आणि तीही त्याबद्दल तक्रार करीत नाहीत. एकशिक्षकी किंवा द्विशिक्षकी शाळेत ही अडचण विशेष तीव्र असते, कारण तेथे शंका विचारण्यास सहकारी नसतो आणि पाठ्यपुस्तक हेच बहुधा एकमेव पुस्तक असते.

या वाचनाची सामग्री स्थूलमानाने तीन प्रकारची असते : शिक्षणविचाराचे ग्रंथ, कोश, व्याकरणे, नकाशे, विषयज्ञानाची पुस्तके यांसारखी संदर्भसाधने, आणि शिक्षकांसाठी चालविलेली नियतकालिके. यांपैकी नियतकालिकांचा इतिहास सर्वांत बोधप्रद आहे. शिक्षकाला कोण काय सांगू इच्छितो आणि त्यावर शिक्षकाला काही बोलता येते की नाही, हे त्यांच्या पानांवरून स्पष्ट दिसते.

पाश्चात्त्य देशांतील आरंभ : शिक्षकांसाठी म्हणून वेगळे वाचन निर्माण झाले, ते सार्वत्रिक शिक्षणाच्या कल्पनेबरोबर. पेस्टालॉत्सीचा १८०१ मधील ग्रंथ पत्ररूप असून त्यात आईने मुलांना कसे शिकवावे, याचे विवेचन आहे. पुढील शतकभर यूरोपातील अध्यापक विद्यालयांत तो वाचला गेला. अमेरिकेत होरेस मान याने १८३८ मध्ये सार्वजनिक शाळांसाठी एक नियतकालिक सुरू केले. तेथे १८८० नंतरच्या दशकात ओहायो, इंडियाना इ. राज्यांत शिक्षकांची वाचनमंडळे स्थापन झाली. त्यांची पद्धत साधी होती. वर्षासाठी काही पुस्तके ठरवावयाची, सर्वांनी ती वाचावयाची आणि ठराविक दिवशी एकत्र जमून त्यांवर चर्चा करावयाची. शिक्षकाने एकट्याने वाचण्यापेक्षा सोबतीने वाचावे, ही कल्पना तेव्हापासून अनेक देशांत वेगवेगळ्या रूपांत पुन्हापुन्हा आढळते. जपानमध्ये तिने अधिक ठोस रूप घेतले. तेथे शिक्षकांचा गट एकच पाठ मिळून तयार करतो. एक शिक्षक तो वर्गात घेतो, इतर निरीक्षण करतात आणि त्यानंतर त्याची लेखी नोंद इतर शाळांना वाचावयास मिळते.

महाराष्ट्रातील आरंभ : मुंबई इलाख्यात १८२२ मध्ये स्थापन झालेल्या शाळापुस्तक मंडळीने एतद्देशीय शाळांची पाहणी करून ज्या उणिवा नोंदविल्या, त्यांत पुस्तकांचा अभाव, शिकविण्याच्या सुलभ रीतीचा अभाव, योग्य शिक्षकांचा अभाव आणि पैशाचा अभाव या चार प्रमुख होत्या. पुढे दोनशे वर्षे शिक्षणविषयक अहवालांतून हीच यादी वेगवेगळ्या शब्दांत येत राहिली आहे. मंडळीच्या कामात कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांचा वाटा मोठा होता. त्यांच्या देखरेखीखाली गणिताची व इतर पुस्तके मराठीत तयार झाली. शिक्षकांना तयार करून जिल्ह्यांतील शाळांवर पाठविण्याचा उपक्रमही याच काळात सुरू झाला. या पहिल्या पिढीच्या शिक्षकासाठी विद्यार्थ्याचे पुस्तक आणि शिक्षकाचे पुस्तक असा भेद नव्हता. जे त्याने शिकवावयाचे, तेच त्याचे वाचन होते. १८४५ च्या सुमारास बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडे शिक्षकांच्या अध्यापनवर्गाची जबाबदारी आली आणि त्यांच्या निधनानंतर (१८४६) दादोबा पांडुरंग यांनी ती सांभाळली. मराठीचे व्याकरण लिहिणारा पंडितच शिक्षकांचा शिक्षक असावा, हा त्या काळाचा विशेष होय.

वुडच्या खलित्यानंतर (१८५४) शिक्षणखाते अस्तित्वात आले आणि शाळांची संख्या वाढू लागली. दूरदूरच्या गावी नेमलेल्या मराठी शिक्षकांना खात्याशी आणि ज्ञानाशी जोडून ठेवणारे साधन म्हणून १८६१ मध्ये शालापत्रक हे मासिक निघाले. पुण्याच्या अध्यापक विद्यालयाचे प्रमुख कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी ते नावारूपास आणले. १८६८ पासून त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री त्याचे काम पाहू लागले. कालिदास, भवभूती, बाण, सुबंधू व दंडी या संस्कृत कवींवरील त्यांचे विवेचक निबंध प्रथम याच मासिकातून प्रसिद्ध झाले आणि पुढे संस्कृत कविपंचक या नावाने ग्रंथरूप झाले. मराठी समीक्षेचा एक महत्त्वाचा आरंभ प्राथमिक शिक्षकांच्या मासिकात झाला, ही बाब वाङ्मयेतिहासात नोंदविली जाते. परंतु तिचा दुसरा अर्थ सहसा लक्षात घेतला जात नाही. तुटपुंज्या वेतनावर खेड्यात शिकविणाऱ्या माणसाला बाणाच्या गद्यशैलीची चर्चा वाचावयास द्यावी आणि ती त्याला झेपेल असे गृहीत धरावे, यात शिक्षकाविषयी जो आदर आहे, तो नंतरच्या अनेक हस्तपुस्तिकांत आढळत नाही. सरकारी धोरण व मिशनरी यांच्यावरील टीका मात्र खात्याला मानवली नाही आणि १८७५ मध्ये मासिक बंद झाले. तोपर्यंत निबंधमाला सुरू झालेली होती (१८७४). शासनाच्या पैशाने चालणाऱ्या शिक्षक-नियतकालिकात किती मोकळेपणाने लिहिता येते, हा प्रश्न तेव्हापासून अनुत्तरित आहे.

वाचनाचा प्रश्न वेतनाशीही निगडित होता. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत, ते शक्यतो शेतकरी वर्गातून आलेले असावेत आणि त्यांचे वेतन दरमहा बारा रुपयांहून कमी असू नये, अशी मागणी केली. ज्याला पोटापुरते मिळत नाही, तो पुस्तक विकत घेणार नाही, हे उघड होते.

बालशिक्षणाच्या चळवळीतील वाङ्मय : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिक्षकांच्या वाचनाला खात्याबाहेरचा एक प्रवाह येऊन मिळाला. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात (स्थापना १९२०) गिजुभाई बधेका यांनी माँटेसरी पद्धतीचे भारतीय परिस्थितीला अनुरूप असे प्रयोग केले. त्यांना ताराबाई मोडक येऊन मिळाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि त्याचे मुखपत्र शिक्षणपत्रिका प्रथम गुजरातीत व नंतर ताराबाईंच्या संपादकत्वाखाली मराठीत निघू लागले. मूल का रडते, त्याला मारल्याने काय होते, गोष्ट कशी सांगावी, वर्गात शांतता म्हणजे काय, यांसारखे विषय तीत घरगुती भाषेत हाताळलेले असत. शिक्षक आणि पालक हे दोन्ही तिचे वाचक होते.

गिजुभाईंचे दिवास्वप्न हे छोटे पुस्तक या प्रवाहातील सर्वांत प्रभावी पुस्तक होय. चौथीचा वर्ग एका वर्षासाठी मागून घेणारा लक्ष्मीशंकर नावाचा शिक्षक, त्याच्याकडे संशयाने पाहणारे सहकारी, सावध पण सहानुभूती असलेले अधिकारी आणि पहिल्याच दिवशी शिक्षकाची सगळी तयारी उधळून लावणारी मुले, असे त्याचे कथानक आहे. ते काल्पनिक असले तरी त्यातील अडचणी काल्पनिक नाहीत. शांततेचा खेळ फसतो, म्हणून दुसऱ्या दिवशी शिक्षक गोष्ट सांगू लागतो. गोष्टीतून वाचन, वाचनातून छोटे ग्रंथालय, अशी पावले पडत जातात. पालकांनी मुलांच्या पाठ्यपुस्तकांवर करावयाच्या खर्चातून वर्गाचे ग्रंथालय उभारण्याची त्यातील युक्ती आजही शिक्षकांच्या चर्चेत निघते. शिक्षणशास्त्राच्या पदविका परीक्षेसाठी लिहिलेली पुस्तके परीक्षेनंतर क्वचितच उघडली जातात. दिवास्वप्न मात्र लिहून नव्वदहून अधिक वर्षे होऊनही वाचले जाते. पाठ्यक्रमाची पुस्तके प्रश्नोत्तरांना सोयीची व्हावीत म्हणून मुद्द्यांत विभागलेली असतात आणि त्यांतील परिभाषा बव्हंशी भाषांतरित असते. प्रत्यक्ष वर्ग त्यांत दिसतच नाही. अनुताई वाघ यांचे कोसबाडच्या टेकडीवरून हे आत्मकथन, कोल्हापूरच्या सृजन आनंद विद्यालयाच्या (स्थापना १९८५) संस्थापिका लीला पाटील यांचे लेखन, इटलीतील बार्बियाना गावच्या शेतकरी मुलांनी १९६७ मध्ये शिक्षिकेला लिहिलेल्या पत्राचा प्रिय बाई हा मराठी अवतार आणि तोत्तोचान या जपानी आठवणी (१९८१) शिक्षकांत हातोहात फिरल्या, त्याचे कारण हेच आहे. यांपैकी बार्बियानाच्या मुलांचे पत्र वाचणे शिक्षकाला सोपे जात नाही. नापास होणारी मुले कोणाची असतात, याचा हिशेब त्या मुलांनी आकडेवारीसह मांडला असून त्यात शिक्षकाला सवलत दिलेली नाही.

वर्धा येथील १९३७ च्या परिषदेनंतर मूलोद्योग शिक्षणाच्या निमित्ताने शिक्षकांच्या वाचनात सूतकताई, शेती व समवाय पद्धती यांवरील साहित्याची भर पडली (→ बुनियादी शिक्षण). सेवाग्रामच्या हिंदुस्थानी तालीमी संघाने नई तालीम हे नियतकालिक चालविले. ही योजना मागे पडली, तसे ते साहित्यही मागे पडले.

स्वातंत्र्योत्तर काळ : कोठारी आयोगाने (१९६४–६६) प्रत्येक शिक्षकाला दर पाच वर्षांत दोन ते तीन महिन्यांचे सेवांतर्गत शिक्षण मिळावे, अशी शिफारस केली. जवळजवळच्या शाळांचे संकुल करून त्यांनी पुस्तके व साधने एकमेकींना वापरू द्यावीत, अशीही आयोगाची कल्पना होती. तिचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे महाराष्ट्राच्या ग्रामीण शिक्षणाशी निकटचा परिचय असलेले विद्वान होते. त्यांनी स्थापन केलेल्या भारतीय शिक्षण संस्थेचे शिक्षण आणि समाज हे त्रैमासिक शिक्षणाच्या सामाजिक बाजूंचा मराठीत अभ्यासपूर्ण परामर्श घेते. शासकीय पातळीवर, आपली परंपरा शालापत्रकापासून मानणारे जीवन शिक्षण हे मासिक प्राथमिक शिक्षकांसाठी आणि राज्य माध्यमिक मंडळाचे शिक्षण संक्रमण माध्यमिक शिक्षकांसाठी अशी साधारण विभागणी झाली. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या पाठ्यपुस्तक मंडळाने शिक्षक-हस्तपुस्तिका काढल्या. त्यांच्या किशोर मासिकाचा (१९७१) वाचक विद्यार्थी असला, तरी खेड्यापाड्यांतील असंख्य शिक्षकांचे तेच नियमित वाचन ठरले.

हस्तपुस्तिकेचा उपयोग आणि तिचा धोका एकाच ठिकाणी असतो. नवख्या शिक्षकाला तिच्यामुळे पाठाची दिशा सापडते; परंतु तिच्यातील वाक्ये तशीच दैनिक टाचणात उतरू लागली, की टाचण हे पाठाच्या तयारीचे साधन न राहता तपासणीसाठी ठेवावयाची वही बनते. बाजारातील मार्गदर्शकांच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे.

१९८७ मध्ये सुरू झालेल्या खडू-फळा योजनेत प्राथमिक शाळेला द्यावयाच्या सामग्रीत शब्दकोश व ज्ञानकोश यांसारखे संदर्भग्रंथ, बालवाङ्मय आणि नियतकालिके यांचा समावेश होता. अनेक शाळांत आलेली पुस्तके साठा-नोंदवहीत चढली आणि कपाटात राहिली. पुस्तक हरवले तर भरपाई मुख्याध्यापकाकडून होईल, या भीतीने ते वाचकाच्या हाती न देणे हा शासकीय ग्रंथसाठ्यांचा जुना रोग आहे. जेथे शिक्षकांनी स्वतःच्या जबाबदारीवर कपाटे उघडली, तेथे पुस्तके फाटली, हरवली आणि वाचलीही गेली.

मराठी शिक्षकाच्या दृष्टीने संदर्भसाधनांची स्थिती इतर अनेक भारतीय भाषांच्या तुलनेत समाधानकारक म्हणावी लागेल. मोल्सवर्थचा कोश (१८३१), श्री. व्यं. केतकर यांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश, मो. के. दामले यांचे शास्त्रीय मराठी व्याकरण (१९११), पं. महादेवशास्त्री जोशी यांचा भारतीय संस्कृतिकोश आणि भाषा संचालनालयाचे परिभाषाकोश ही साधने उपलब्ध आहेत. ती तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली. वाडीवरील शाळेपर्यंत पोहोचलेली क्वचितच दिसतात. विज्ञानाच्या बाबतीत १९२८ पासून निघणारे सृष्टिज्ञान आणि मराठी विज्ञान परिषदेची (१९६६) पत्रिका यांनी विषयज्ञानाची उणीव काही अंशी भरून काढली.

शिक्षक लेखक म्हणून : अमेरिकेत स्टीफन कोरी याने १९५३ मध्ये कृतिसंशोधनाचा पुरस्कार केला. इंग्लंडमध्ये लॉरेन्स स्टेनहाउस याने १९७५ मध्ये शिक्षक हाच आपल्या वर्गाचा संशोधक असतो, अशी भूमिका मांडली. या विचाराचे भारतातील सर्वांत विस्तृत प्रत्यंतर मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात (१९७२–२००२) आले. सोळा माध्यमिक शाळांपासून सुरू झालेल्या या कार्यक्रमात शिक्षक प्रथम स्वतः प्रयोग करीत, नंतर ते वर्गात घेत आणि दरमहा एका मध्यवर्ती शाळेत जमून काय जमले व काय फसले, ते सांगत. त्या चर्चेतून बाल वैज्ञानिक या पुस्तकांच्या पुढील आवृत्त्या बदलत गेल्या. म्हणजे शिक्षक जे पुस्तक वाचत होता, ते घडविण्यात त्याचा वाटा होता. या कामातून उभ्या राहिलेल्या एकलव्य संस्थेच्या (१९८२) संदर्भ या हिंदी नियतकालिकापासून प्रेरणा घेऊन पुण्यात शैक्षणिक संदर्भ हे मराठी द्वैमासिक निघाले. त्याआधी १९८७ मध्ये तेथेच पालकनीती सुरू झाले होते. शालेय विज्ञानातील एखादी साधी वाटणारी शंका, उदा., दिवसा चंद्र का दिसतो, घेऊन तिचा शेवटपर्यंत पाठपुरावा करणारे लेख ही या परंपरेची देणगी होय.

महाराष्ट्रात केंद्रपातळीवर भरणाऱ्या शिक्षण परिषदांना असेच रूप येणे शक्य होते आणि काही केंद्रांत ते आलेही. आदर्श पाठानंतर त्यावर मोकळी चर्चा, एका शिक्षकाने वाचलेल्या पुस्तकाचा परिचय, एखाद्या फसलेल्या उपक्रमाचे कथन, असे त्यांचे स्वरूप राहिले. अन्यत्र परिपत्रकांचे वाचन आणि माहितीच्या तक्त्यांची मागणी यांतच वेळ गेला. हा फरक केंद्रप्रमुखाच्या वाचनावर बराच अवलंबून असल्याचे दिसून येते.

वेळ आणि आंतरजाल : बालकांच्या शिक्षणहक्क अधिनियमाच्या (२००९) परिशिष्टात प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रे, नियतकालिके व सर्व विषयांवरील पुस्तके असलेले ग्रंथालय असावे, असे म्हटले आहे. शिक्षकाचा कामाचा आठवडा तयारीच्या तासांसह ४५ तासांचा ठरविला आहे. त्याच परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाचे २०० दिवस व ८०० अध्यापनतास अपेक्षित आहेत, म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. सहा दिवसांच्या आठवड्यात हे २४ तास होतात आणि हिशेबाने २१ तास तयारी व अन्य कामांसाठी उरतात. प्रत्यक्षात या तासांवर पोषण आहाराच्या नोंदी, विविध सर्वेक्षणे, अधिनियमानेच मान्य केलेली जनगणना व निवडणुकांची कामे आणि बहुवर्ग अध्यापनाचा शीण यांचा हक्क आधी पोहोचतो. परिशिष्टात तयारीचा उल्लेख आहे. तिच्यासाठी किती तास, हे सांगितलेले नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाला वर्षाकाठी ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा मांडली. हे तास प्रामुख्याने अभ्यासक्रम पूर्ण केल्याच्या प्रमाणपत्रांवरून मोजले जातात. पुस्तक वाचल्याचे प्रमाणपत्र मिळत नसल्यामुळे वाचन या मोजणीत येत नाही.

२०१७ मध्ये सुरू झालेल्या दीक्षा या राष्ट्रीय संगणकीय मंचामुळे आणि पाठ्यपुस्तकांवर छापलेल्या संकेतचौकटींमुळे पाठांना पूरक असे दृक्‌श्राव्य साहित्य भ्रमणध्वनीवर मिळू लागले. २०२० मध्ये शाळा बंद झाल्यावर त्याचा वापर अपरिहार्य झाला. दुर्गम शाळेतील शिक्षकाला पूर्वी जे पुस्तक पाहावयासही मिळत नसे, ते आता मिळू शकते, ही गोष्ट लहान नाही. मात्र या साहित्यात पाच मिनिटांच्या चित्रफिती व तयार प्रश्नसंच यांचे प्रमाण मोठे असून सलग विवेचन कमी आहे. दुसरीकडे, तालुक्या-तालुक्यांतील शिक्षकांचे भ्रमणध्वनीवरील गट हे आजचे सर्वांत मोठे शिक्षक-नियतकालिक म्हणता येईल. बोलीतून प्रमाण मराठीकडे मुलांना कसे न्यावे, गोंडी, भिली वा कोरकू बोलणारे मूल पहिलीत आले तर पहिले शंभर शब्द कोणते घ्यावेत, भागाकार चुकण्याची कारणे कोणती, यांवर त्यांत दररोज मजकूर लिहिला जातो. शुभेच्छा आणि परिपत्रके यांच्या गर्दीत तो काही तासांत मागे पडतो आणि यंत्र बदलले, की नाहीसा होतो. विष्णुशास्त्र्यांचे निबंध ग्रंथरूप झाल्यामुळे टिकले. या लेखनाची निवड, संपादन व जतन करणारी व्यवस्था राज्यपातळीवर उभी राहिलेली नाही; काही शिक्षकांनी स्वखर्चाने काढलेल्या अनुभवसंग्रहांतून त्याचा थोडा भाग छापला गेला आहे.